पगार थांबला, घर चालू आहे: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०२१. दुसरी लाट ओसरतेय, मुंबई निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात अडकलीय, दुकानं चारला बंद होतात आणि लोकल अजून सगळ्यांना खुली नाही. लालबागमधल्या आमच्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी दोघं जण बसतो. मी बँकेतून निवृत्त झालेला, दुसरे पीएफचं काम जाणणारे शेजारी. लोक पिशवीतून कागद काढून दाखवतात. खोलीत गर्दी नको म्हणून नेहमीचे प्रश्न इथे लिहून काढलेत. नियम, दर आणि मुदती सगळं जून २०२१ चं आहे, नंतर बदललेलं असू शकतं, तेव्हा वापरण्याआधी ताजं काय ते बघा.

एचआरचा फोन आला, "स्वतःहून राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील." देऊ का?

नको. निदान आज तरी नको. "विचार करून सांगतो, मला हे मेलवर पाठवा" एवढंच बोला आणि फोन ठेवा. बरेचदा तो मेल येतच नाही, आणि का येत नाही ते ओळखायला वकील लागत नाही.

राजीनामा दिलात की कागदोपत्री नोकरी तुम्ही सोडलीत. उलट कंपनीने कपात म्हणून काढलं, तर औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-एफ लागू होतं. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. महिना २०,००० रुपये आणि नोकरी आठ वर्षांची असेल तर नुकसानभरपाईचे साधारण ८०,००० आणि नोटिशीचे २०,०००. म्हणजे "स्वच्छ रेकॉर्ड"ची किंमत झाली एक लाख. ग्रॅच्युइटी यात धरलेली नाही. पाच वर्षं भरली असतील तर ती राजीनामा दिला तरी मिळते, तेव्हा "राजीनामा द्या, ग्रॅच्युइटी देऊन टाकतो" हे कुणी उपकार म्हणून सांगत असेल तर त्याला भुलू नका.

"पण माझ्या कार्डावर मॅनेजर लिहिलंय," असं निम्मे लोक म्हणतात. कार्डावरच्या हुद्द्याने काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. हाताखाली माणसं नाहीत, रजा मंजूर करायचा अधिकार नाही आणि दिवसभर नोंदी टाकायचं काम आहे, तर नुसत्या "असिस्टंट मॅनेजर" शब्दाने कामगारपण जात नाही. खरोखरचे व्यवस्थापक असाल तर मात्र या कायद्याचा आधार नाही. तुमचं नेमणूकपत्र काढा आणि त्यातलं नोटिशीचं कलम वाचा.

दबावाखाली सही करून बसला असाल तर त्याच दिवशी स्वतःच्या मेलवरून कंपनीला कळवा की ही सही कुणी, कधी आणि काय सांगून घेतली. नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार देता येते. तडजोड अधिकाऱ्याकडे ४५ दिवसांत काही झालं नाही तर कामगार थेट न्यायालयात जाऊ शकतो. नोकरीवरून काढल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. आणि हो, ऑफिसचा मेल बंद व्हायच्या आत पगारपत्रकं, नेमणूकपत्र आणि पगारवाढीची पत्रं स्वतःकडे घ्या. आमच्याकडे येणाऱ्यांत हे न केलेलेच जास्त.

पगार अर्धा केलाय. सरकारने तर पूर्ण पगार द्यायला सांगितलं होतं ना?

सांगितलं होतं, पण तो आदेश आता नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० ला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टाळेबंदीत पगार न कापण्याचा आदेश काढला. १८ मे २०२० पासून तो मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मधल्या ५० दिवसांच्या पगाराबाबत मालक आणि कामगारांनी आपसांत बोलणी करावीत, मालकांवर सक्तीची कारवाई नको. त्यामुळे आज तो आदेश घेऊन एचआरकडे गेलात तर हात हलवत परत याल.

याचा अर्थ वाटेल तसं कापता येतं असा नाही. कामगाराच्या वेतनात बदल करायचा तर औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-ए आहे, २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. एक गोष्ट मात्र लेखी विचाराच: पगार कापलाय की पुढे ढकललाय? तोंडी सगळे "नंतर बघू" म्हणतात. ढकलला असेल तर ते तुमचं येणं आहे, हिशेबात दिसलं पाहिजे. कापला असेल तर किती महिन्यांसाठी, ते विचारा.

काढलं नाही, पण "बोलावू तेव्हा या" म्हणून घरी बसवलंय.

पन्नास किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल आणि तुमचं नाव हजेरीपटावर वर्षभर असेल, तर ले-ऑफच्या काळात मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळायला हवी. दुकानं आणि ऑफिसांना हे लागू नाही.

बदलापूरला राहतो, ऑफिस फोर्टला. लोकल बंद, बसने तीन तास. ऑफिस गैरहजेरी लावतंय.

याला चोख उत्तर कुणाकडे नाही, सरकारकडेही नाही. खासगी ऑफिसं निम्म्या उपस्थितीने उघडायची आणि लोकल मात्र अत्यावश्यक सेवेपुरती, हा हिशेब ज्याने केला तो बहुधा दादरला राहतो.

करण्यासारखं एवढंच: गैरहजेरीच्या प्रत्येक दिवशी सकाळीच मेल टाका. "लोकलने प्रवासाची परवानगी नाही, कामाला तयार आहे, घरून काय करू ते सांगा." न सांगता गैरहजर राहणं हे काढून टाकायचं सोपं निमित्त असतं, ते हातात देऊ नका. आठवड्यातून दोन दिवस सलग, रात्री नातेवाइकांकडे मुक्काम, असं ठरवून बऱ्याच जणांनी निभावलंय. बनावट ओळखपत्र काढू नका. पकडलं तर दंडावर भागत नाही, गुन्हा दाखल होतो आणि मग नोकरीचा प्रश्नच मिटतो.

पीएफ काढू का?

आधी कोणता पीएफ ते बघा. लोक दोन गोष्टी एक करतात.

एक आहे करोनाची आगाऊ रक्कम. ती नोकरीत असतानाच मिळते, परत भरायची नसते, कर लागत नाही. तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिल्लकीच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी ते मिळतं. मूळ पगार १५,००० आणि शिल्लक १,६०,००० असेल तर ७५ टक्के होतात १,२०,००० आणि तीन महिन्यांचे होतात ४५,०००. मिळणार ४५,०००. गेल्या वर्षी एकदा घेतली असेल तरी चालेल, ३१ मेपासून दुसऱ्यांदा घ्यायची परवानगी आलीय.

दुसरं आहे नोकरी गेल्यावर पैसे काढणं. एक महिना बेकार राहिलात तर ७५ टक्के आणि दोन महिने झाले की उरलेले. इथे जपून. सगळी मिळून पाच वर्षं नोकरी झाली नसेल तर कर लागू शकतो. आणि पैसे काढताना पेन्शनचा दहा-सी फॉर्म सोबत भरून टाकायची एजंटांना फार घाई असते. नोकरी दहा वर्षांच्या जवळ आली असेल तर पेन्शनच्या रकमेला हात लावू नका. दहा भरली की म्हातारपणी थोडंफार का होईना, पेन्शन मिळतं.

माझं मत विचाराल तर पीएफवर २०२०-२१ साठी साडेआठ टक्के जाहीर झालेत, एवढं बिनधोक व्याज आज कुठेच नाही. म्हणून नुसतं "असू दे हाताशी" म्हणून काढू नका. पण क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडायची किंवा हॉस्पिटलचं बिल भरायचं असेल तर बेलाशक काढा. पैसा अशाच दिवसांसाठी साठवलेला असतो.

अर्ज अडकतो तो नावावरून. आधारवर "सुनीता", पीएफला "सुनिता". लग्नाआधीचं आडनाव कंपनीच्या नोंदीत, सासरचं बँकेत. गेल्या आठवड्यात एक बाई तिसऱ्यांदा नाकारलेला अर्ज घेऊन आल्या. पासबुकावर नावाआधी बँकेने "सौ." छापलं होतं आणि चेकच्या फोटोत आयएफएससी कोड अर्धा कापला गेला होता. फोटो नीट काढला, अर्ज पुन्हा टाकला. त्यासाठी एजंट त्यांच्याकडे रकमेच्या दहा टक्के मागत होता. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी ओळखीच्या एजंटालाही.

गेल्या वर्षी मोरॅटोरियम घेतलं. आता बँक म्हणते घराचं कर्ज अडीच वर्षांहून जास्त लांबलं. सहाच तर हप्ते थांबवले होते!

फसवणूक नाही, गणित आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची सवड दिली ती हप्ता भरण्याला. व्याजाचं मीटर चालूच होतं.

२५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, ८ टक्के. हप्ता साधारण २०,९११ रुपये. कर्ज नुकतंच सुरू झालेलं असताना सहा महिने थांबलात तर व्याज साठून मुद्दल २६ लाखांवर जातं. हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी २६६ हप्ते भरावे लागतात. म्हणजे २६ जास्त, साडेपाच लाखांच्या घरात. तेच कर्ज संपायला पाच वर्षं उरलेल्या माणसाने सहा महिने थांबवलं असेल तर त्याला जेमतेम तीन हप्ते जास्त पडतात. सवड एकच, पण नव्या कर्जदाराला ती महाग पडली. तेव्हा चाळीच्या गॅलरीत सगळे एकमेकांना "घेऊन टाक, फुकट आहे" सांगत होते.

नंतर सरकारने व्याजावरचं व्याज परत केलं, दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना. वरच्या उदाहरणात ती रक्कम सतराशे रुपयांच्या आत येते. बातम्यांत ती फार मोठी वाटली होती.

आता करण्यासारखं काय? कर्ज २०१९ च्या आधीचं असेल तर बँकेत जाऊन विचारा की व्याजदर कशाशी जोडलाय. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, मे २०२० पासून ४ टक्के आहे, पण जुन्या पद्धतीच्या कर्जांना ती घट उशिरा आणि अर्धीमुर्धी मिळते. थोडं शुल्क भरून रेपोशी जोडलेल्या दरावर येता येतं. त्यासाठी कुणी मेसेज पाठवत नाही, अर्ज तुम्हीच करायचा.

यंदा हप्ता भरणं शक्यच नाही. थांबवून टाकू का?

गुपचूप थांबवू नका. यंदा सरसकट सवड नाही. मात्र ५ मेला रिझर्व्ह बँकेने कर्ज पुनर्रचनेची दुसरी योजना आणलीय. ३१ मार्च २०२१ ला कर्ज नियमित असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत बँकेकडे मागणी करता येते. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांनी वाढू शकते, काही महिने सवडही मिळू शकते. क्रेडिट अहवालात त्याची नोंद राहते, पण थकबाकीदार म्हणून नोंद होण्यापेक्षा ती बरी.

हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकीत कर्जांत धरलं जातं आणि मग शाखेतल्या माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. मी काउंटरच्या पलीकडे बसलोय, म्हणून सांगतो: पहिल्या महिन्यात पगारकपातीचं पत्र घेऊन आलेल्या माणसासाठी फाइल हलवता यायची. चौथ्या महिन्यात वसुलीचा फोन गेल्यावर आलेल्यासाठी नाही. लोक लाजेने येत नाहीत. बँकेला तुमच्या लाजेशी काही देणंघेणं नसतं, तिला तारीख कळते.

पगारदार पतसंस्थेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या या योजना तिच्यावर बंधनकारक नाहीत. तिथे संचालक मंडळाकडे अर्ज करायचा. जामीनदार सहकाऱ्यालाही आधीच सांगा, त्याच्या पगारातून कापलं जाईपर्यंत थांबू नका.

क्रेडिट कार्डाची "किमान रक्कम" भरतोय. चालेल ना?

चालेल, कार्ड कंपनीला. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. किमान रकमेतला बराचसा भाग व्याजात जातो. पीएफ काढून, मुदत ठेव मोडून किंवा सोन्यावर कर्ज घेऊन आधी हे फेडा. कार्ड कपाटात ठेवा.

मोबाइलवरच्या ॲपने पाच मिनिटांत कर्ज मिळतंय.

आणि सहाव्या मिनिटाला तुमचे सगळे फोन नंबर त्यांच्याकडे जातात. हप्ता चुकला की सासूबाईंपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना मेसेज जातात. अशा ॲपविरुद्ध रिझर्व्ह बँकेने २३ डिसेंबर २०२० ला जाहीर इशारा दिला होता. अडकला असाल तर मेसेजचे फोटो काढा, सायबर पोलिसांकडे तक्रार करा. एक फेडायला दुसरं ॲप उघडू नका.

दागिने गहाण ठेवू की विकू?

तीन-चार महिन्यांत पैसे नक्की येणार असतील, म्हणजे ग्रॅच्युइटी अडकलीय, विम्याचा दावा मंजूर झालाय, तर गहाण. बँकेतच, गल्लीतल्या बिनपरवाना माणसाकडे नाही. गेल्या वर्षी किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्जाची मुभा होती, ती ३१ मार्चला संपली. आता पुन्हा ७५.

पैसे येण्याची काहीच खूण नसेल तर विका. घरात हे कुणाला आवडत नाही. पण वर्षभर व्याज भरून शेवटी लिलावाची नोटीस येते तेव्हा दागिनाही जातो आणि व्याजही. मंगळसूत्र सगळ्यात शेवटी, हे सांगायला नकोच. विकायचं ठरलंच तर घडणावळ परत मिळत नाही, म्हणून नाणी आणि वेढणी आधी.

भिशीत माझा नंबर डिसेंबरचा आहे. पुढचे हप्ते देता येणार नाहीत.

भिशीवाल्या ताईंना आजच सांगा. नंबर पुढेमागे करता येतो, अर्धा हिस्सा दुसऱ्या कुणाला देता येतो. भिशी सगळी शब्दावर चालते, कोर्टात जायला कागद नसतो. म्हणूनच आधी सांगितलेल्याला बायका सांभाळून घेतात आणि गायब झालेल्याला जिन्यात गाठतात.

घरभाडं थकलंय. मालक डिपॉझिट कापायला तयार आहे. चांगलं की वाईट?

चांगलं, लेखी असेल तर. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकलं म्हणून घराबाहेर काढू नका, असं घरमालकांना सांगितलं होतं. ते भाडं माफ करण्यासाठी नव्हतं आणि यंदाच्या भाड्याला ते पुरणार नाही. कुठल्या महिन्यांचं किती भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं, हे साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहा. व्हॉट्सॲपवर "ओके" आलं तरी ठेवा. अकरा महिन्यांचा करार संपत आला असेल तर भाडं कमी करून मागायला हीच वेळ आहे, मुंबईत आज रिकाम्या खोल्या बऱ्याच आहेत.

सोसायटीने कामवाल्या मावशींना बंदी केली होती. न केलेल्या कामाचे पैसे द्यायचे का?

तुमचा पगार चालू असेल तर द्यायचे. ज्यांनी कंपनीविरुद्ध दोन पानी मेल लिहिला, त्यांनीच मावशींचे दोन महिन्यांचे पैसे बुडवलेले मी पाहिलेत. स्वतःचाच पगार अर्धा झाला असेल तर मावशींना समोर बसवून तसं सांगा आणि अर्धे द्या. राज्य सरकारने एप्रिलमध्ये नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, पण बहुतेकींची घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीच नाही. त्यांचा फॉर्म भरून द्या, तुमच्याकडे इंटरनेट आहे.

रेशनवर आता काय मिळतं? आमचं कार्ड केशरी आहे.

केशरी कार्डांतही दोन प्रकार आहेत. अन्नसुरक्षा योजनेत नाव असेल, म्हणजे प्राधान्य कुटुंब, तर माणशी पाच किलो धान्य मोफत. पंतप्रधानांनी ७ जूनला ही मुदत नोव्हेंबरपर्यंत वाढवली. नेहमीचं स्वस्त धान्य त्याशिवाय वेगळं. नाव आहे की नाही हे शिधावाटप दुकानदाराला न विचारता स्वतः ऑनलाइन बघा. शिवभोजन थाळीही सध्या मोफत आहे: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. रांगेत उभं राहायला अजिबात लाजू नका, तिथे टाय लावलेली माणसंही उभी असतात.

नोकरी गेली, पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात होतं. काही मिळतं का?

मिळतं, आणि फार कमी लोक मागतात. अटल विमित व्यक्ती कल्याण योजना. सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षं विमाधारक असायला हवं. बेकार झाल्यावर ३० दिवसांनी अर्ज करता येतो, कंपनीच्या सहीसाठी अडायचं कारण नाही. शिक्षा म्हणून काढलेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना मिळत नाही. पहिल्या प्रश्नातला राजीनामा इथेही नडू शकतो.

ईएसआयसी नव्हतं, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, तर तो नोकरीबरोबर संपतो. शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसी मागा. म्युच्युअल फंडाची एसआयपी थांबवली तरी चालेल, आरोग्य विमा नाही.

घरातला कमावता माणूस करोनाने गेला. कुठून सुरुवात करू?

मृत्यू दाखल्याच्या भरपूर प्रती काढा. करोनाचा अहवाल आणि हॉस्पिटलचे कागद एकत्र ठेवा. बाकीचं घाईने करायची गरज नाही, पण विसरून चालणार नाही.

पीएफ खातं असेल तर तीन गोष्टी मिळतात: शिल्लक, पेन्शन आणि विमा. विम्याबद्दल घरच्यांना बहुधा माहीतच नसतं, कारण त्याचा हप्ता पगारातून कापला जात नाही, कंपनी भरते. मृत्यूआधी सलग बारा महिने नोकरी असेल, मधे कंपनी बदललेली चालते, तर किमान अडीच लाख. एप्रिलमध्ये कमाल मर्यादा सहावरून सात लाख केली. पत्नीला पेन्शन मिळायला नवऱ्याची दहा वर्षं भरलेली असायला लागत नाहीत, एका महिन्याची वर्गणीही पुरते. फॉर्म अनुक्रमे २०, १०-डी आणि ५-आयएफ. ग्रॅच्युइटीलाही मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही.

ईएसआयसी असेल तर या महिन्यात नवी योजना आलीय. करोनाने गेलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला सरासरी वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत दरमहा मदत. आजाराचं निदान होण्याआधी किमान तीन महिने नोंदणी झालेली हवी.

आणि बँकेचं पासबुक काढा. मे महिन्याच्या अखेरीस ३३० रुपये कापल्याची नोंद शोधा. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची. कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख. खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि माणूस विसरून जातो. १२ रुपयांची नोंद अपघात विम्याची, ती आजारपणाला चालत नाही. सगळ्या बँकांची पासबुकं बघा, जुनी, न वापरलेलीसुद्धा. आमच्याच चाळीत एका वहिनींना नवऱ्याच्या बंद पडलेल्या वाटणाऱ्या खात्यात ही नोंद सापडली.

पैसे हातात आले की कुणी ना कुणी "गुंतवणुकीचा सल्ला" घेऊन येतो. सहा महिने साध्या मुदत ठेवीत राहू द्या, एका बँकेत पाच लाखांच्या आत, कारण ठेव विमा तेवढाच आहे.

नोकरी गेलीय, पण घरी सांगितलेलं नाही. दुसरी मिळाली की सांगेन.

आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं सांगतो. रोज नऊला आंघोळ करून, शर्ट घालून, हेडफोन लावून ते लॅपटॉपसमोर बसायचे. घरात सगळे पाय न वाजवता चालायचे, बाबांची मीटिंग चालू आहे म्हणून. मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी बायकोने हप्त्यावर नवा मोबाइल घेतला, पगार चालू आहे असं समजून. त्यांना नाही म्हणता आलं नाही. पहिला हप्ता परत गेला आणि बँकेचा मेसेज बायकोच्या फोनवर आला.

तोवर पीएफ संपलेला होता आणि कार्डावर थकबाकी होती. ते पैसे चैनीत गेले नव्हते, "काही झालेलं नाही" हे दाखवण्यात गेले होते. नंतर वहिनी आल्या आणि त्यांनी एका पानावर बेस्टचं लाइट बिल, गॅस, दूध, शाळा, हप्ते असं सगळं लिहून काढलं, केबल बंद केली, दिरांकडून बिनव्याजी वीस हजार आणले. हे सगळं पहिल्याच महिन्यात झालं असतं.

आज रात्री जेवणानंतर सांगा. आई-वडिलांना लगेच सांगायचं की नाही ते दोघांनी मिळून ठरवा. मुलं आठवीच्या पुढची असतील तर त्यांनाही सांगा, त्यांना अंदाज असतोच.

घरून पोळी-भाजीचे डबे सुरू करू का? की स्कूटरवरून डिलिव्हरी?

डिलिव्हरीचं आधी. मुंबईत पेट्रोल २९ मेपासून शंभरच्या वर आहे. दिवसाची कमाई सांगताना लोक पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर धरत नाहीत. आठवडाभर वहीत लिहा, मग ठरवा.

डब्यांचा धंदा या भागाला नवा नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. संप आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून पुरुष वाट बघत राहिले आणि कित्येक घरं बायकांनी खानावळी चालवून, पापड लाटून तगवली. ज्यांनी लवकर हातपाय हलवले त्यांचं कमी मोडलं, हे आमच्या चाळीतल्या आजी अजून सांगतात.

खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर फी वर्षाला १०० रुपये, अर्ज ऑनलाइन. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, व्यावसायिक सिलिंडरचा दर धरूनच डब्याची किंमत काढा. तेलाचे भाव बघता तळणाचे पदार्थ रोज नकोत. पहिले गिऱ्हाईक कोण? हॉस्पिटलजवळ राहणारे पेशंटचे नातेवाईक. केईएम आणि टाटा दोन्ही इथून चालत जाण्यासारखी आहेत. डबा देताना पैसे घ्या. महिन्याचा लावला तर पैसे पंधरा तारखेपर्यंतचे आधी, उरलेले सोळा तारखेला. ओळखीच्यांना उधारी द्यायची वेळ आली तर वहीवर त्यांची सही घ्या.